अर्ध्या टनाचं जातं

स्टावरब्रिज जंक्शन ते स्टावरब्रिज टाउन हा रेल्वेप्रवास तीन मिनिटांचा आहे. त्या दिवशी मी तो आठ वेळा केला. पाचव्या खेपेला कंडक्टरनं हसत विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही, तुमचं चाक ऐकतोय. माझं इंग्रजी शिरोली एमआयडीसीतलं, त्यामुळं त्याला काय कळलं देव जाणे. पण त्यानंतर तो माझ्याकडं जरा जपूनच बघत होता.

लेक तिथं राहायला गेली म्हणून हे गाव मला कळलं. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, काचेच्या कामासाठी नाव असलेलं. लेकीनं फिरण्याची यादी करून ठेवली होती, किल्ले, बागा, लंडनचे दोन दिवस. मी आल्या आल्या म्हटलं, आधी ती छोटी गाडी. "बाबा, अख्खं इंग्लंड सोडून तुम्हाला हीच बघायची होती? मी रोज तिच्यातून ऑफिसला जाते." रोज जाते आणि पायाखाली काय फिरतंय ते माहीत नाही! आमच्या घरात जन्मून!

गाडी म्हणजे आपल्या मिनीबसला रुळाची चाकं लावावीत तेवढी. एकच डबा. २००९ सालापासून असे दोन डबे या फाट्यावर धावतात, ब्रिटिश रेल्वेच्या दप्तरी त्यांचा वर्ग १३९. जॉन पॅरी नावाच्या गृहस्थाच्या कंपनीनं केलेले, म्हणून 'पॅरी पीपल मूव्हर'. इंजिन फोर्डचं, २.३ लिटरचं, गॅसवर चालणारं. म्हणजे एखाद्या मोठ्या मोटारीला शोभेल एवढंच. आणि ते साडेबारा टनांचा डबा, वर माणसं, असं सगळं ओढतं. कसं ओढतं, तर त्याला जोडीदार आहे. सीटांच्या खाली, डब्याच्या मधोमध, एक मीटर व्यासाचं आणि ५०० किलो वजनाचं पोलादी फ्लायव्हील, म्हणजे फिरण्यात ऊर्जा साठवून ठेवणारं जड चाक. उभं नव्हे, आडवं. जात्यासारखं.

गाडी ब्रेक घेते तेव्हा हे जातं वेग घेतं. गाडी सुटते तेव्हा तोच वेग परत देतं.

मी मधल्या सीटवर बसलो होतो. स्टेशनात गाडी उभी, दारं उघडी, आणि तळव्यांना एक बारीक, एकसारखी थरथर. इंजिनाची थरथर दाणेदार असते, ही गुळगुळीत होती. दारं लागली, गाडी हलली, आणि ती घूं घूं खालच्या सुरात उतरत गेली. गाडीचा वेग वाढतोय आणि चाकाचा आवाज उतरतोय. टाउन स्टेशन जवळ आलं, गाडी मंदावली, की सूर पुन्हा वर. ब्रेक लागताना करकर नाही, वास नाही. एक जण थांबला म्हणून दुसरा पळाला, एवढंच.

आता हे ऐकायला मी सातासमुद्रापार का जावं, त्याला कारण आहे.

आमच्या आप्पांची पिठाची गिरणी होती. गावात वीज आली तरी ती टिकेल तर ना, म्हणून गिरणी कित्येक वर्षं इंजिनावरच. आठ हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोन्ही बाजूंना बिडाची दोन जाड चाकं. धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी, तिच्यामुळं पुक् पुक् पुक् असा आवाज अर्ध्या गावाला जायचा. आवाज सुरू झाला की बायका डबे घेऊन निघायच्या.

इंजिन चालू करणं हे एकट्याचं काम नव्हतं. प्रेशरचा खटका वर उचलून धरायचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा दबत नाही, आणि दोघांनी हँडल मारत चाक फिरवायचं. पहिला फेरा जीव काढायचा. दुसरा जरा बरा. सात-आठ फेऱ्यांनंतर चाकच तुमचा हात ओढायला लागतं. त्या क्षणी आप्पा "सोड!" म्हणायचे, मी खटका सोडायचो, आणि चाकातला वेग पिस्टनला दाबाच्या चढावरून ढकलून न्यायचा. पुक्. मग हँडल वेळेत काढून घ्यायचं, नाही तर दात पडलेच समजा.

बंद करायची त्यांची पद्धत मात्र वेगळी होती. शेवटच्या गिऱ्हाईकाचं दळण हॉपरात पसाभर उरलं की ते डिझेल तोडायचे. इंजिन गप्प, पण चाकं फिरतायत, पट्टा फिरतोय, जातं फिरतंय. तो पसा त्या उरलेल्या फिरण्यावर दळून निघायचा. अंदाज चुकला तर जातं मधेच अडकायचं, दुसऱ्या दिवशी खोलून साफ करावं लागायचं. आप्पांचा अंदाज क्वचित चुकायचा.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा त्या फिरणाऱ्या चाकाच्या कडेला फळकूट दाबून धरलं. लवकर थांबेल, घरी जाता येईल, एवढाच विचार. फळकुटातून धूर आला, जळक्या लाकडाचा वास गिरणीभर झाला. आप्पांनी कानाखाली दिली. हात गेला असता म्हणून दिली असं मला वाटलं. ते म्हणाले, "गाढवा, अजून अर्धा शेर निघाला असता की!"

पुढं डिप्लोमा करून मी प्रेसशॉपला लागलो. पॉवर प्रेसमध्येही तेच. दहा हॉर्सपॉवरची मोटर आणि शंभर टनांचा फटका, हे जमतं ते मधल्या वेळात फ्लायव्हील भरून घेतं म्हणून. मोटर सावकाश साठवते, चाक झटक्यात देतं. तीस वर्षं मी ते बघितलं, पण तिथं चाक फक्त देतं. गाडीकडून परत घेणारं चाक मला बघायचं होतं.

त्या रात्री लेकीच्या स्वयंपाकघरात वाणसामानाच्या पावतीमागं हिशेब मांडला. साडेबारा टनांचा रिकामा डबा, त्या फाट्यावरचा वेग ताशी ३२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास. पळत्या डब्यातली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. आले सुमारे ५०० किलोज्यूल. डबा थांबवायचा तर एवढं कुठंतरी गेलं पाहिजे. आता चाक. नेहमीच्या कामात ते मिनिटाला १,००० ते १,५०० फेऱ्यांमध्ये राहतं. सपाट तबकडी धरली तर १,५०० फेऱ्यांना त्यात ७७० किलोज्यूल, १,००० ला ३४० च्या आसपास. फरक ४३० किलोज्यूल.

मी पावती जावयांना दाखवली. ५०० आणि ४३०. म्हणजे हे चाक बरोबर एका थांब्याच्या मापाचं केलंय! एक ब्रेक मावेल एवढी ओंजळ. जावई म्हणाले, "मस्त आहे बाबा," आणि फोनकडं वळले. सॉफ्टवेअरचा माणूस आहे, चालायचंच.

हे ४३० म्हणजे किती? विजेच्या हिशेबात एक अष्टमांश युनिटसुद्धा नाही. एक पंखा रात्रभरही चालणार नाही. पण गाडी सुटताना, जिथं इंजिनाला सगळ्यात जास्त दम लागतो, तिथं ते काही सेकंदांत मिळतं. म्हणून मोटारीएवढ्या इंजिनावर भागतं. मात्र चढाचं काम चाकाचं नाही. टाउनहून जंक्शनकडं येताना चढ आहे, आणि साडेबारा टन दहा मीटर जरी वर न्यायचे म्हटले तरी सव्वाबाराशे किलोज्यूल लागतात. तीन चाकं रिकामी होतील. तिथं गॅसवरचं इंजिनच कामाला येतं, आणि त्याचा आवाज परतीच्या खेपेला स्पष्ट कळतो.

खरी गोम चाकात नाही, मधल्या जोडणीत आहे. विचार करा. गाडी उभी, चाक १,५०० वर. गाडी पळायला लागली की चाक उतरत उतरत १,००० वर यायला हवं. एकाचा वेग वाढतोय, दुसऱ्याचा घटतोय, आणि दोघं एकमेकांना बांधलेले. साध्या गिअरनं हे होणार नाही, कारण प्रत्येक क्षणी वेगळं प्रमाण लागतं. आपल्या ॲक्टिव्हात पट्टा पुलीवर वरखाली सरकून गिअर आपोआप बदलत राहतो, तसं काहीतरी पाहिजे. या डब्यात ते काम तेलावर केलंय. एक पंप, एक मोटर, मधे दाबाखालचं तेल. पोकलेनचे पट्टे फिरतात तसंच. पंपाची तबकडी कमी-जास्त तिरकी केली की प्रमाण बदललं. तेल तापतं, त्यात थोडं वाया जातं. पण वर्षानुवर्षं दर दहा मिनिटांना खेप करायची तर असली रांगडी जोडणीच बरी.

स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीनं हा जोडणीचा प्रश्नच टाळला होता, पन्नासच्या दशकात. त्यांची 'जायरोबस'. दीड टनाचं चाक, मिनिटाला ३,००० फेऱ्या, डब्यात बंद, आणि त्या डब्यात हवा नाही तर विरळ हायड्रोजन, कारण हवा चाकाला ओढून धरते. बस थांब्यावर आली की छपरावरचे तीन दांडे खांबाला टेकायचे, थ्री-फेज वीज घेऊन मोटर चाकाला वेग द्यायची. मग वरती तार नाही, खाली रूळ नाही, बस पाच-सहा किलोमीटर जायची. वाटेत तीच मोटर जनरेटर व्हायची आणि चाकातून वीज काढून द्यायची. ब्रेक मारला की उलटं. १९५३ मध्ये इव्हर्डाँ गावात ती प्रवाशांसाठी सुरू झाली, १९६० पर्यंत चालली. बेल्जियमच्या घेंटमध्येही काही वर्षं तीन बसेस होत्या.

पण मला चटका लावून गेली ती लिओपोल्डविलची गोष्ट, म्हणजे आजचं किन्शासा. तिथं बारा जायरोबस नेल्या. सगळ्यांत मोठा ताफा. ड्रायव्हर कच्च्या रस्त्यानं शॉर्टकट मारायचे, पावसाळ्यात तिथं चिखल, त्यात दीड टनाचं चाक पोटात घेऊन बस हिंदकळणार. बेअरिंगं गेली. जाणारच! फिरतं चाक आपला आस हलवू देत नाही. लहानपणी सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांत धरून फिरवून कधी तिरकं केलंय का? ते हातातून भलतीकडंच वळतं. तेच दीड टनाचं धरा, आणि खाली खड्डा. जातं आडवं ठेवलं की गाडी डावी-उजवी वळताना त्रास नाही, पण बस पुढं-मागं किंवा बाजूला डुलली की सगळा भार बेअरिंगवर. त्या बारा बसेसची गोष्ट वाचताना मला आमचे पावसाळ्यातले रस्ते दिसत होते, दुसरं काय.

म्हणून पुढच्यांनी वजन सोडलं आणि वेग धरला. चाकातली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. वजन दुप्पट केलं तर दुप्पट, फेऱ्या दुप्पट केल्या तर चौपट. २००९ ला फॉर्म्युला वन शर्यतींत ब्रेकची ऊर्जा साठवून वापरायला परवानगी मिळाली तेव्हा मर्यादा होती फेरीमागं ४०० किलोज्यूल. बघा, पुन्हा तोच आकडा! स्टावरब्रिजचा अर्ध्या टनाचा दगड आणि शर्यतीच्या गाडीचं मूठभर यंत्र, दोघांची ओंजळ एकच. फ्लायब्रिड नावाच्या छोट्या कंपनीनं त्यासाठी केलेलं चाक मिनिटाला ६४,५०० फेऱ्या घ्यायचं, अख्खं यंत्र २५ किलोचं. त्या मोसमात मात्र ज्यांनी असं यंत्र प्रत्यक्ष शर्यतीत वापरलं त्यांनी बॅटरीच वापरली. विल्यम्स या शर्यतीच्या संघानं विजेवर चालणारं फ्लायव्हील केलं, पण आपल्या शर्यतीच्या गाडीत ते पळवलं नाही. ते पुढं ऑडीच्या गाडीत गेलं, आणि त्या गाडीनं २०१२ ला ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. हायब्रिड गाडीनं तिथं जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

व्होल्व्होनं तर साध्या मोटारीत चाचणी घेतली. सहा किलोचं कार्बन फायबरचं चाक, वीस सेंटिमीटर व्यास, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटापेक्षा लहान, ६०,००० फेऱ्या. त्याच्या कडेचा वेग काढला तर सेकंदाला ६०० मीटरच्या वर येतो. आवाजाच्या पावणेदोन पटींहून जास्त. एवढ्या वेगात हवा असली तर चाक तापून जाईल, म्हणून निर्वात डब्यात. आणि पोलाद अशा वेगात फुटलं तर तोफगोळा. कार्बन फायबर फुटलं तर धागे-धागे होऊन भुगा होतो, म्हणून ते. इंधनात पंचवीस टक्क्यांपर्यंत बचत होईल असं कंपनीचं म्हणणं होतं. तरी ती गाडी शोरूमपर्यंत आली नाही. तोवर बॅटऱ्या स्वस्त झाल्या होत्या, आणि बॅटरी रात्रभर उभी राहिली तरी सकाळी भरलेलीच असते. चाक रात्रभरात थांबतं. निर्वात पोकळी, बेअरिंगं, आस फिरतो तिथली सीलं, एवढा संसार कोण सांभाळणार! खाजगी मोटारीपुरतं मला त्यांचं पटतं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो.

१९८७ ला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. रत्नागिरीच्या मित्राकडं जाताना आंबा घाटातून उतरलो. साखरप्याला चहाला थांबलो तर बाजूला एक मालट्रक उभा, मागच्या चाकांतून निळसर धूर, ब्रेकचं लायनर जळल्याचा तो आंबूस, कडवट वास. क्लीनर लांब उभा राहून नुसता बघत होता. तापलेल्या ड्रमवर लगेच पाणी मारलं तर तडा जातो, हे त्याला ठाऊक होतं. मला एकदम आप्पांचं फळकूट आठवलं. तोच धूर. एवढा घाट उतरून मिळालेलं सगळं लायनर जाळण्यात गेलं! परत आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी चित्र काढलं. ट्रकच्या चेसिसमध्ये फ्लायव्हील, घाट उतरताना भरायचं, पुढं सपाटीला वापरायचं. आमच्या सरांना दाखवलं. त्यांनी चित्र नीट बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. आकडे घालून आण."

मला राग आला. चित्र गुंडाळून घरी आणलं आणि आकडे कधी घातले नाहीत.

ते ३८ वर्षांनी स्टावरब्रिजला घातले, त्याच पावतीच्या कोपऱ्यात. सोळा टनांचा भरलेला ट्रक. तो एक मीटर खाली उतरला की १५७ किलोज्यूल. म्हणजे फॉर्म्युला वनची ४०० ची ओंजळ किती उतारात भरते? अडीच मीटर. घाट अडीचशे मीटर धरला तरी ती ओंजळ शंभर वेळा भरून सांडते. जायरोबसचं दीड टनाचं चाक तबकडी धरून मोजलं तर सुमारे २४,००० किलोज्यूलचं. ते शून्यापासून भरायला घेतलं तरी दीडशे मीटरच्या उताराला तुडुंब. मग खाली अजून उतार उरतोच, आणि ड्रायव्हरला चाकासाठी दीड टन माल कमी न्यावा लागतो. कुठला ट्रकमालक ऐकेल?

थांब्याची ऊर्जा पसाभर असते, घाटाची पोत्यानं. पसाभराच्या भांड्यात मी पोतं ओतायला निघालो होतो. सरांना ते चित्र बघताक्षणीच दिसलं असणार. घाटासाठी रेल्वेचाच मार्ग बरा. उतरणारं विजेचं इंजिन मोटरींचे जनरेटर करतं आणि वीज वरच्या तारेत परत सोडतं, तिकडं चढणारी दुसरी गाडी ती खाते. साठवायची भानगडच नाही. आणि शहरातल्या विजेच्या बसेस आता बॅटरीत घेतात, त्यांना थांब्याचंही जमतं, थोड्याफार उताराचंही.

मग फ्लायव्हीलला जागा कुठं? तर अशीच, स्टावरब्रिजसारखी. ठरलेला रूळ, खड्डा नाही, ठरलेला वेग, तीन मिनिटांनी थांबा, दिवसभर तेच. बॅटरीला दिवसातून शेकडो वेळा भरणं-रिकामं होणं वर्षांमागं वर्षं सोसत नाही. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. बेअरिंग बदलत राहा म्हणजे झालं.

शेवटच्या दिवशी पुन्हा गेलो, लेकीला बरोबर घेऊन. तिला म्हटलं, चप्पल काढ आणि पाय टेकव. तिनं आधी आजूबाजूला बघितलं, मग बूट अर्धे काढले. गाडी टाउनला थांबत होती. "अय्या, वर चढतंय," ती म्हणाली. मग गिरणीतल्या आजोबांबद्दल विचारलं. तिनं त्यांना फार बघितलेलं नाही. फळकुटाची गोष्ट तिला मी तिथं सांगितली, परतीच्या खेपेत. पुरी व्हायच्या आत जंक्शन आलं, म्हणून आणखी एक खेप केली. तोच कंडक्टर होता. या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

गावी आल्यावर धाकट्या भावाला फोन केला. गिरणीचं इंजिन कधीच विकलं, पण एक चाक परड्यात पडून आहे हे मला माहीत होतं. त्याला म्हटलं, व्यास आणि जाडी मोजून पाठव, मला हिशेब करायचाय, डिझेल तोडल्यावर आप्पा नक्की किती दळत होते ते. "दादा, भंगारवाला परवाच विचारून गेला, मी नाही म्हटलं," तो म्हणाला. संध्याकाळी फोटो आला. टेप लावलेली नव्हती. चाकावर कोंबडी बसली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'उठत नाही, उद्या मोजतो.'